रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, पण तो नेमकं काय सांगतोय?



गेल्या महिन्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या एका ज्युनियरचा फोन आला. तिला पीएचडीसाठी विषय हवा होता आणि कल्पना डोक्यात तयारच होती. एचआयव्ही असलेल्या आणि मेंदूचा आजार झालेल्या रुग्णांच्या रक्तात एखाद्या जंतूविरुद्धचे प्रतिपिंड, म्हणजे आपण लॅबमध्ये अँटिबॉडी म्हणतो ते, एलायझाने मोजायचे आणि त्यावरून कोण बरा होईल, कोण नाही, ते सांगायचं. किट बाजारात मिळतं, प्लेट रीडर डिपार्टमेंटला आहे, नमुने नागपूरहून मिळवता येतील. "ताई, चालेल ना?"

मी तिला लगेच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कारण या कल्पनेला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. आपल्याहून कितीतरी हुशार लोक याच वाटेने गेले, काही पोचले, बरेच मध्येच वळले. ते कुठे आणि का वळले, हे माहीत नसताना प्रपोजल लिहिलं तर तीन वर्षं आणि बरेच नमुने वाया जातात. आजची पोस्ट त्या इतिहासाबद्दल आहे.

एक फाईल, तीन प्रश्न

समजा, लाखांदूर तालुक्यातला एक चाळिशीतला शेतकरी. महिनाभर डोकं दुखतंय, बारीक ताप आहे आणि दोन दिवसांपासून बोलणं असंबद्ध झालंय. घरचे त्याला आधी भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आणतात, तिथून साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला नेतात. हातात रिपोर्टांची फाईल. पहिल्या पानावर एचआयव्ही पॉझिटिव्ह. पुढच्या पानावर टोक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह. वॉर्डाबाहेर बायको एकच विचारते, "वाचतील ना?"

आता नीट बघा. त्या फाईलकडे बघून तीन वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. एक, या शरीराची या जंतूशी कधी भेट झाली होती का? दोन, आत्ताचा आजार त्याच जंतूमुळे आहे का? तीन, या माणसाचं पुढे काय होणार?

प्रतिपिंड चाचणी मुळात फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. बायको तिसरा प्रश्न विचारतेय. पहिल्यावरून तिसऱ्यावर उडी कधी मारता येते आणि कधी नाही, हेच या चाळीस वर्षांत लोक शिकत आले.

जिथे चाचणी चालली: 1985-86

सुरुवात यशाने झाली. मार्च 1985 मध्ये अमेरिकेत एचआयव्हीच्या पहिल्या एलायझा चाचणीला परवानगी मिळाली. लगेच पुढच्या वर्षी, 1986 मध्ये, ती भारतात कामी आली. मद्रास मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात डॉ. सुनीती सॉलोमन प्राध्यापक होत्या. त्या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांनी सेल्लप्पन निर्मला या आपल्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी विषय दिला: आपल्याकडे एचआयव्ही आहे का ते शोध. तेव्हा बहुतेकांची समजूत होती की हा परदेशातला रोग आहे. निर्मला यांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले, सीरम वेगळं केलं, घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि एलायझाची सोय होती म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये नेलं. त्यातले सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले आणि परदेशातल्या तपासणीत त्यावर शिक्कामोर्तब झालं. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाने देशाचं आरोग्यधोरण हललं. पुढे 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना सुरू झाली आणि त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे नारी, उभी राहिली.

इथे प्रतिपिंड चाचणी इतकी उपयोगी का पडली? कारण एचआयव्ही एकदा शरीरात शिरला की आपणहून जात नाही. म्हणजे "कधीतरी भेट झाली होती" आणि "आत्ता जंतू आहे" ही दोन वाक्यं इथे एकच होतात. अपवादही यातच दडलेले आहेत. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे प्रतिपिंड तयार झालेले नसतात, म्हणून चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. आणि बाळाच्या रक्तात आईचे प्रतिपिंड सुमारे 18 महिन्यांपर्यंत राहू शकतात, म्हणून त्याच्यासाठी विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधावं लागतं. आपल्या आयसीटीसी केंद्रांवर लक्षणं नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणण्याआधी तीन वेगवेगळ्या चाचण्या करतात, त्यामागेही हाच सावधपणा आहे.

पण हे यश म्हणजे नियम नव्हता, एका विशिष्ट विषाणूची ती कृपा होती. पुढची गडबड तिथूनच सुरू झाली.

पाठीतल्या पाण्यात प्रतिपिंड

एड्सच्या रुग्णांत विसरभोळेपणा, मंदपणा, चालण्यातला तोल जाणं ही लक्षणं दिसत होती. 1986 मध्ये नाव्हिया, जॉर्डन आणि प्राइस यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं आणि 'एड्स डिमेन्शिया कॉम्प्लेक्स' हे नाव रूढ झालं. त्याआधीच, 1985 मध्ये, रेस्निक आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. अशा रुग्णांच्या सीएसएफमध्ये, म्हणजे मणक्यातून काढलेल्या पाण्यात, एचआयव्हीविरुद्धचे प्रतिपिंड मेंदूच्या कुंपणाच्या आतच तयार होत होते.

हे कसं कळतं, ते समजून घ्या. रक्तातले थोडेफार प्रतिपिंड सीएसएफमध्ये झिरपतातच आणि आजारात कुंपण सैल झालं तर जास्त झिरपतात. म्हणून नुसता सीएसएफचा आकडा निरुपयोगी. त्या विशिष्ट प्रतिपिंडाचं सीएसएफ आणि रक्तातलं गुणोत्तर काढायचं, मग एकूण आयजीजीचं तसंच गुणोत्तर काढायचं आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर एकच्या आसपास आलं तर फक्त झिरपलंय. साधारण दीडच्या वर गेलं तर आत उत्पादन चालू आहे असं धरतात. यालाच अँटिबॉडी इंडेक्स म्हणतात.

वाटलं की सापडलं! मेंदूत प्रतिपिंड तयार होतायत, म्हणजे मेंदूचा आजार आला किंवा येणार. पण 1988 पर्यंत रेस्निक यांच्याच गटाने आणि इतरांनी दाखवलं की काहीच लक्षणं नसलेल्या लोकांतही हे घडतं, तेही लागण झाल्यावर लवकरच. विषाणू मेंदूत फार आधी पोचतो. त्यामुळे आतलं उत्पादन "विषाणू इथे येऊन गेलाय" एवढंच सांगतं. कोणाला डिमेन्शिया होईल, ते सांगत नाही.

मला या प्रसंगातलं हे आवडतं की स्वतःच्या शोधाची मर्यादा त्याच गटाने पुढे येऊन दाखवली. त्यांनी एक साधी गोष्ट केली: लक्षणं नसलेल्या एचआयव्हीबाधितांचा तुलनागट घेतला. तुमच्या प्रपोजलमध्ये तो गट आहे का, हे आत्ताच तपासा.

प्रतिपिंड कमी होणं हीच बातमी

याच काळात ॲम्स्टरडॅम आणि लंडनच्या गटांना उलट बाजूने एक धागा सापडला. विषाणूच्या गाभ्यातलं पी-24 हे प्रथिन. त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड ज्यांच्या रक्तात घटत गेले आणि खुद्द पी-24 दिसू लागलं, ते लोक एड्सकडे लवकर सरकले. म्हणजे इथे भाकीत होतं, पण ते प्रतिपिंड असण्यात नव्हतं, नसण्यात होतं. तेही एका चाचणीतून नाही, पुन्हा पुन्हा मोजून. 1996 मध्ये मेलर्स आणि सहकाऱ्यांनी रक्तातल्या विषाणूचं प्रमाणच भाकितासाठी किती उपयोगी आहे ते दाखवल्यावर पी-24 मागे पडलं.

एचआयव्हीत प्रतिपिंडांचं गणित आणखी एका कारणाने विचित्र होतं. 1983 मध्येच लेन, फाउची आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की एड्सच्या रुग्णांत बी पेशी विनाकारण चेतवलेल्या असतात. एकूण प्रतिपिंड भरपूर, पण नव्या जंतूला नेमकं उत्तर देण्याची ताकद कमी. कारखाना रात्रंदिवस चालू, पण मागणीचा माल निघत नाही. अशा शरीरातला प्रतिपिंडाचा आकडा सरळ वाचता येत नाही, वरही नाही आणि खालीही नाही.

टोक्सोप्लाझ्मा: निगेटिव्ह रिपोर्ट जास्त बोलतो

आता त्या लाखांदूरच्या फाईलकडे येऊ. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी एकदा शरीरात आला की गाठींच्या रूपात आयुष्यभर झोपून राहतो. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी तो आला होता, इतकंच. सीडी-4 पेशी 100 च्या खाली गेल्या की तो जागा होऊ शकतो. बहुतेक वेळा मेंदूतला आजार जुनाच परजीवी उठल्यामुळे होतो, म्हणून आयजीजी निगेटिव्ह असेल तर टोक्सोप्लाझ्माची शक्यता बरीच कमी होते. पॉझिटिव्हपेक्षा निगेटिव्ह रिपोर्ट जास्त माहिती देतो!

मग नक्की कसं करायचं? डॉक्टरांनी इथे प्रतिपिंडाऐवजी काळालाच चाचणी बनवलं. औषध सुरू करायचं आणि दोन आठवडे बघायचं. 1993 मध्ये लुफ्ट आणि सहकाऱ्यांनी अशा 49 रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या 35 जणांना गुण आला आणि गुण आलेल्या बहुतेकांत तो पहिल्या एक-दोन आठवड्यांतच दिसला. सुधारणा नाही, तर निदान चुकलं असेल, बायोप्सीचा विचार करा. बायकोच्या प्रश्नाचं उत्तर आयजीजीच्या पानापेक्षा सातव्या आणि चौदाव्या दिवसाच्या तपासणीत जास्त असतं.

क्रिप्टोकॉकस या बुरशीच्या मेंदूज्वरात तर लोकांनी प्रतिपिंड बाजूलाच ठेवले आणि बुरशीच्या आवरणाचा तुकडा, म्हणजे अँटिजेन, शोधला. प्रतिपिंड हा शरीराचा जबाब असतो. अँटिजेन म्हणजे आरोपी स्वतः हजर. आणि तो किती प्रमाणात हजर आहे यावरून धोक्याचा अंदाजही येतो.

क्षयरोग: विदर्भातला प्रयत्न आणि 2012 ची बंदी

भारतात एचआयव्ही असलेल्या माणसाच्या मेंदूज्वरात क्षयरोगाचा संशय पहिल्या काही नावांत असतोच. सीएसएफमध्ये क्षयाचे जंतू फार थोडे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली क्वचित दिसतात, कल्चरला आठवडे लागतात आणि रुग्णाकडे आठवडे नसतात. त्यामुळे प्रतिपिंड शोधण्याचा मोह इथे सगळ्यात मोठा होता. त्यावरचं बरंच काम आपल्या शेजारीच झालं.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या प्रयोगशाळेने क्षयजंतू कल्चरमध्ये बाहेर सोडतात त्या प्रथिनांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि त्यातून एलायझा तयार केली. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये कश्यप, दगिनावाला, टावरी आणि सहकाऱ्यांनी क्षयाच्या मेंदूज्वरातल्या सीएसएफवर प्रतिपिंड आणि अँटिजेन अशा दोन्ही अंगांनी अभ्यास केले. सेवाग्रामच्या गटाने एचआयव्ही असलेल्या आणि नसलेल्या क्षयरुग्णांत मोकळं अँटिजेन, प्रतिपिंडाला चिकटलेलं अँटिजेन आणि प्रतिपिंड, तिन्ही मोजून पाहिली. कारण एचआयव्हीत एकट्या प्रतिपिंडावर भिस्त ठेवता येत नाही, हे कामातून कळत होतं. साठ-सत्तर किलोमीटरवर आणि थोडं पुढे वर्ध्याला हे झालंय. आपल्यापैकी किती जणांनी ते पेपर उघडून पाहिलेत?

दरम्यान बाजारात मात्र वेगळंच चाललं होतं. क्षयरोगाच्या रक्तातल्या प्रतिपिंड चाचण्या खासगी लॅबमध्ये सर्रास विकल्या जात होत्या, जगभरात वर्षाला दहा लाखांहून जास्त. जुलै 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळा पुरावा तपासून स्पष्ट सांगितलं की सक्रिय क्षयरोगाच्या निदानासाठी या व्यापारी चाचण्या वापरू नका. "हे वापरू नका" अशी थेट शिफारस क्षयरोगाच्या बाबतीत संघटनेने पहिल्यांदाच केली होती. जून 2012 मध्ये भारत सरकारने या चाचण्यांची आयात, उत्पादन आणि विक्री यांवर बंदी घातली.

का, ते एका काल्पनिक हिशेबाने बघू. समजा 1000 संशयित रुग्ण आहेत आणि त्यातल्या 100 जणांना खरोखर क्षय आहे. चाचणी 70 टक्के रुग्णांना पकडते आणि निरोगी माणसांपैकी 80 टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह ठरवते. ऐकायला बरं वाटतं. पण पॉझिटिव्ह किती आले? खरे 70 आणि खोटे 180. म्हणजे 250 पॉझिटिव्ह लोकांत क्षयाचे फक्त 70, आणि 30 रुग्ण "तुम्हाला काही नाही" ऐकून घरी गेले. ज्या देशात मोठ्या लोकसंख्येच्या शरीरात क्षयाचा जंतू झोपलेला आहे, तिथे "भेट झाली होती" ही बातमीच नाही. त्यात एचआयव्ही असेल तर खऱ्या रुग्णाचंही शरीर पुरेसे प्रतिपिंड बनवत नाही. दोन्ही बाजूंनी चूक.

मग भाकीत कशावरून?

क्षयाच्या मेंदूज्वरात भाकिताचं सगळ्यात टिकाऊ साधन 1948 चं आहे. ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्ट्रेप्टोमायसिनचा अभ्यास करताना रुग्णांच्या तीन पायऱ्या केल्या. शुद्धीवर, मेंदूच्या बिघाडाची खूण नसलेला. थोडा गोंधळलेला किंवा एखादी नस दुबळी झालेला. आणि बेशुद्धीत गेलेला. औषध सुरू होताना रुग्ण कोणत्या पायरीवर आहे, यावर त्याचं पुढचं बरंचसं ठरतं. थोड्या सुधारणांसह आजही हीच वर्गवारी वापरतात. त्यासाठी किट लागत नाही.

एचआयव्ही असेल तर चित्र आणखी कठीण. 2004 मध्ये व्हिएतनाममधल्या 545 रुग्णांच्या चाचणीत डेक्सामेथासोनने मृत्यू कमी होतात असं दिसलं होतं. पण 2023 मध्ये फक्त एचआयव्ही असलेल्या 520 रुग्णांवर व्हिएतनाम आणि इंडोनेशियात झालेल्या चाचणीत तसा ठाम फायदा दिसला नाही. वर्षभरात डेक्सामेथासोन घेतलेल्यांपैकी सुमारे 44 टक्के आणि न घेतलेल्यांपैकी सुमारे 49 टक्के दगावले. जवळपास अर्धे. म्हणून सांगते, हा विषय नुसता पेपर छापण्याचा नाही.

प्रतिपिंडाने भाकीत कधीच होत नाही, असंही समजू नका. जेसी नावाचा विषाणू निम्म्याहून जास्त प्रौढांच्या शरीरात मुकाट असतो आणि प्रतिकारशक्ती ढासळली की मेंदूतल्या पांढऱ्या भागाचा पीएमएल हा जीवघेणा आजार करतो. एचआयव्हीच्या रुग्णात या विषाणूचे प्रतिपिंड पॉझिटिव्ह येणं फारसं काही सांगत नाही. तिथे खरा फरक पाडतं एचआयव्हीविरोधी उपचार मिळणं आणि टी पेशी परत उभ्या राहणं. पण मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाला नॅटालिझुमॅब देण्याआधी हीच प्रतिपिंड चाचणी करतात, कारण तिथे प्रश्न वेगळा आहे: आजार नसलेल्या माणसाला पुढे धोका किती? तीच चाचणी, तोच विषाणू, प्रश्न बदलला आणि उत्तराला किंमत आली.

प्रपोजल लिहिण्याआधी

तुम्ही असा विषय घेणार असाल तर पहिल्या पानावर लिहा की तीनपैकी कोणता प्रश्न विचारताय. भाकिताचा प्रश्न असेल तर रुग्णांचा पाठपुरावा लागेल. एकदाच घेतलेल्या नमुन्यातून भविष्य निघत नाही. 1948 ची पायरी, सीडी-4 आणि औषध कधी सुरू झालं ही माहिती नोंदवा आणि तुमचा प्रतिपिंड त्यापेक्षा जास्तीचं काय सांगतो ते दाखवा. सीएसएफसोबत त्याच दिवशीचं रक्त घ्या, नाहीतर इंडेक्स काढता येणार नाही. साठवलेले नमुने वापरताना 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा वाचा. माहितीपूर्ण संमती आणि गोपनीयता तिथे कायद्याने बंधनकारक आहेत, आणि छोट्या तालुक्यात गावाचं नाव आणि वय एवढ्यावरूनही माणूस ओळखला जातो. भंडाऱ्याच्या जुन्या नोंदी वापरणार असाल तर एक साधी चूक टाळा: 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा झाला, त्याआधीचा "भंडारा जिल्हा" म्हणजे आजचे दोन जिल्हे. आधी-नंतरचे आकडे शेजारी ठेवून "रुग्ण घटले" असा निष्कर्ष काढला तर गाईड नाही, पण परीक्षक नक्की पकडेल.

ज्युनियरला हे सगळं दोन फोनमध्ये सांगितलं. ती थोडी हिरमुसली, मग आठवड्याने तिचा मेसेज आला. विषय तोच ठेवलाय, पण आता ती विचारतेय की उपचार सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात सीएसएफमधलं अँटिजेन कसं बदलतं आणि दाखल होतानाच्या पायरीपेक्षा ते काही वेगळं सांगतं का. नमुने कमी मिळतील, वेळ जास्त लागेल. पण वॉर्डाबाहेर उभ्या असलेल्या त्या बाईने जे विचारलं होतं, त्याच्या हा प्रश्न बराच जवळ आहे.